विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम: दुसऱ्या खेपेला पूर्ण झाला तेव्हा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एनपीटेल या आयआयटींच्या विनामूल्य ऑनलाइन शिक्षण-मंचावरच्या, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 8 आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला मी नाव नोंदवले आणि तिसऱ्या आठवड्यातच तो सोडला. पुढच्या वर्षी तोच पुन्हा घेऊन पूर्ण केला. या दोन खेपांत काय बदलले, ते नवख्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

पहिल्या खेपेला, नावनोंदणीला पैसे पडत नाहीत म्हणून मी एकदम 4 अभ्यासक्रम घेतले आणि न पाहिलेली व्याख्याने साठत गेली. असे अनेकांचे होते. 2011 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे 1 लाख 60 हजार जणांनी नावे नोंदवली, पण तो पूर्ण करणारे 20 हजारांच्या आसपासच होते. याचा सगळा दोष शिकणाऱ्यांच्या माथी मारणे मला पटत नाही. अडले तर विचारायला शेजारी कोणी नसते, ही उणीव फार मोठी आहे.

तरीही हे शिक्षण मोलाचे आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा हा पायथॉनचा अभ्यासक्रम शाळेत शिकलेल्या मसाविपासून सुरू होतो. इंग्रजी व्याख्यान पहिल्यांदा ऐकताना अर्धे निसटले; मग व्हिडिओ थांबवून वहीत 84 आणि 36 घेतले. 84 ला 36 ने भागले की भाग 2 वेळा जातो आणि बाकी 12 उरते, 36 ला 12 ने भागून बाकी शून्य, म्हणजे मसावि 12. ही रीत हाताने एकदा करून पाहिल्यावर तिचा प्रोग्रॅम मला स्वतःहून लिहिता आला. एवढे नामवंत प्राध्यापक आमच्या गावच्या महाविद्यालयात मला कधी लाभले नसते.

दुसऱ्या खेपेला मी एकच विषय घेतला, वर्गातल्या एका मैत्रिणीलाही सोबत घेतले आणि परीक्षेचे 1000 रुपये सुरुवातीलाच भरून टाकले. परीक्षा ऐच्छिक असली, तरी प्रमाणपत्र हवे असेल तर केंद्रावर जाऊन ती द्यावीच लागते. आठवड्याचा स्वाध्याय शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. त्या रात्री वीज गेली की मुदत टळते, हे मी भोगले आहे.

श्रेयांकांबाबत (क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रम पदवीत धरला जाण्याबाबत) विशेष सावध राहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावरून (एनपीटेलचे अभ्यासक्रम त्यावरच असतात) करता येतात, परंतु आपल्या महाविद्यालयाने तो विषय आधी मान्य केलेला असावा लागतो. मी विभागप्रमुखांची लेखी संमती आधी घेतली नव्हती, त्यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही गुणपत्रिकेत त्याची नोंद झाली नाही.

अभ्यासक्रम मध्येच सुटला, तरी व्याख्याने यूट्यूबवर राहतात. माझी पहिली वही तिसऱ्या आठवड्यावर थांबली होती. दुसऱ्या खेपेचा अभ्यास मी त्याच वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर सुरू केला.