लेह-लडाखला निघालात? फुप्फुसात पाणी भरेपर्यंत थांबू नका, या चुका टाळा

पहिली चूक बुकिंग करतानाच होते. मुंबई-पुण्याचा माणूस विमानाने काही तासांत साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये उतरतो आणि सहलीच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड असते, म्हणजे ५,३०० मीटरच्याही वर. इतक्या उंचीवरच्या कमी ऑक्सिजनची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसते आराम करण्यासाठी ठेवा. पैसे वाया गेले असं वाटू देऊ नका.

सर्वांत घातक चूक खोकल्याच्या बाबतीत होते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कोरडी ढास लागते आणि बरोबरचे म्हणतात, "थंडी बाधली, गरम पाणी पी." पण आत वेगळंच चाललेलं असू शकतं: उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरण्याचा आजार. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि त्याही सगळीकडे सारख्या नाहीत. जिथे कमी आकसतात तिथे रक्ताचा लोंढा वाढतो, दाब चढतो आणि केशवाहिन्यांतून पाणी झिरपून वायुकोशांत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांत, साचतं. म्हणून खोकणाऱ्याला विचारा: बसल्या जागी धाप लागते का? आडवं पडवत नाही का? काल सहज चाललेल्या अंतरात आज दम लागतो का? ओठ, नखं निळसर दिसतात का? गुलाबी फेसाळ थुंकी येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. डोकं दुखत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका. अनेकांचं दुखतच नाही.

"मी दर रविवारी सिंहगड चढतो" हा भरवसाही इथे चालत नाही. १९६२च्या युद्धात घाईने उंचावर पाठवलेल्या धडधाकट जवानांनाही या आजाराने गाठलं होतं. डायमॉक्स हे औषध उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं, पण फुप्फुसात भरलेल्या पाण्यावर तो इलाज नव्हे. ऑक्सिजनचा छोटा कॅन तर काही मिनिटांत संपतो.

पँगाँगचा मुक्काम करण्याआधी नीट विचार करा. तळं सव्वाचार हजार मीटरवर आहे आणि लेहला परतायच्या नेहमीच्या रस्त्यावर पाच हजारांपलीकडची चांग ला खिंड आहे. म्हणजे खाली यायचं तर आधी वर चढायचं. ज्याला लेहमध्येच खोकला किंवा धाप आहे, त्याला पुढे नेऊच नका.

त्रास सुरू झालाच तर "रात्र काढू, सकाळी बघू" म्हणू नका. रुग्णाला टेकवून बसवा, चालायला लावू नका, ऊबेत ठेवा, ऑक्सिजन लावा आणि त्याच रात्री गाडी काढून दवाखाना गाठा. लेहच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना हा आजार नेहमीचा आहे.