माशांच्या टाकीतलं खरं पाणी किती? औषधाचा डोस असा जमला

डोस चुकत होता, कारण हिशोब काचेच्या बाहेरून घेतलेल्या मापांचा. ६०×३०×३६ सेंमी म्हणजे कागदावर ६४.८ लिटर. मग टेप आतून लावला: ६ मिमी काच दोन्ही बाजूंची वजा जाता लांबी ५८.८, रुंदी २८.८. उंची काठापर्यंत धरायची नाही, तळाच्या काचेपासून पाण्याच्या रेषेपर्यंतच. ती भरली ३०. गुणाकार भागिले १०००, म्हणजे ५०.८ लिटर.

आता खडी. तिच्या फटींत पाणी असतंच, त्यामुळे थराची सगळी जाडी वजा करू नये. कोरड्या खडीचं किलोतलं वजन भागिले २.६ (एक लिटर भरीव दगडाचं साधारण वजन), म्हणजे १३ किलोला ५ लिटर. उरले साधारण ४६. म्हणजे आधी औषध १.४ पट पडत होतं! गोल काचेच्या टाकीला सूत्र नकोच, मापाच्या बादलीने भरावी.