'शंका आली की सबजंक्टिव्ह' या नियमावर विसंबू नका

स्पॅनिश शिकायला लागून काही महिने झाले की वर्गात हे वाक्य हमखास ऐकू येतं: खात्री असेल तर इंडिकेटिव्ह, शंका असेल तर सबजंक्टिव्ह. ही क्रियापदाच्या रूपांची दोन वळणं: 'येतो' हे इंडिकेटिव्हसारखं, 'यावं' हे सबजंक्टिव्हसारखं. सुरुवातीला चालतंही. 'क्रेओ के बिएने', तो येतोय असं मला वाटतं. 'नो क्रेओ के बेंगा', तो येईल असं वाटत नाही.

मग 'मे आलेग्रो दे के एस्तेस बिएन' समोर येतं. तू बरा आहेस याचा मला आनंद आहे. आता यात शंका कसली? माणूस समोर ठणठणीत उभा आहे, तरी 'एस्तास' नाही, 'एस्तेस'. कारण तो बरा असल्याची बातमी मी देतच नाहीये, फक्त माझा आनंद सांगतोय. तेव्हा स्वतःला विचारायचं ते एवढंच: 'के', म्हणजे 'की', याच्यानंतरची गोष्ट मी ठासून सांगतोय का? सांगत असाल तर इंडिकेटिव्ह.

हीच गोष्ट घर शोधताना बघा. 'बुस्को उना कासा के तिएने पातिओ' म्हणालात तर समोरचा विचारेल, कुठलं घर? कारण अंगण असलेलं एक ठरावीक घर आहे आणि ते तुम्हाला सापडत नाहीये, असा त्याचा अर्थ होतो. अंगण असलेलं कुठलंही चालणार असेल तर 'के तेंगा पातिओ'.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक वाक्य इंग्रजीतून आणणं. मराठीला विचारा की! 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' यातलं 'यावंस' म्हणजे 'किएरो के बेंगास'मधलं 'बेंगास'. पाऊस पडतोय तरी बाहेर पडतोय: 'आउंके युएबे, साल्गो'. पाऊस पडला तरी बाहेर पडेन: 'आउंके युएबा, साल्द्रे'. हा फरक आपल्या तोंडात आधीपासून आहे.

पण मराठी एका ठिकाणी दगा देते. 'घरी पोचलो की आंघोळ करतो' आणि 'घरी पोचलो की फोन करतो', दोन्हीकडे आपलं 'पोचलो'च. स्पॅनिशमध्ये रोजची सवय असेल तर 'क्वांदो येगो', अजून पोचायचंय तर 'क्वांदो येगे'. आणि भविष्यकाळ आहे म्हणून 'क्वांदो येगारे' करू नका. ही चूक मी स्वतः बरेच दिवस केली.

'सि', म्हणजे 'जर', आला की उलटी घाई होते. वेळ मिळेल की नाही याची शंका आहे, म्हणून 'सि तेंगा तिएंपो'? नाही. इथे 'सि तेंगो'च. वेळ असता तर, असं म्हणायचं असेल तर 'सि तुबिएरा'. 'आ लो मेखोर', म्हणजे 'कदाचित', यालाही शंका असूनही इंडिकेटिव्हच लागतो. 'ओखाला', म्हणजे 'देव करो', मात्र नेहमी सबजंक्टिव्ह मागतो. हा शब्द अरबीतून आलाय.

सबजंक्टिव्हची रूपं पाठ करताना शेवटच्या स्वराकडे कान द्या. मूळ रूप '-आर'ने संपणाऱ्या क्रियापदांत 'आ'चा 'ए' होतो, '-एर' आणि '-इर'च्या क्रियापदांत 'आ' येतो. 'दीसे के आब्लास देस्पासिओ': ती म्हणते, तू हळू बोलतोस. 'दीसे के आब्लेस देस्पासिओ': ती तुला हळू बोलायला सांगतेय.