डिकिन्सन आणि व्हिटमन: मरणावरच्या दोन कवितांची तुलना कशी करायची

एमिली डिकिन्सन आणि वॉल्ट व्हिटमन, एकोणिसाव्या शतकातले दोन अमेरिकन कवी, यांची तुलना करा म्हटलं की बरेच जण ती मरणाबद्दल काय म्हणते, तो काय म्हणतो एवढंच लिहून मोकळे होतात, स्टाइल राहते बाजूलाच. खरं तर सुरुवात स्टाइलपासूनच करायची, अर्थ आपोआप मागून येतो.

१. दोघांची एकेकच कविता घ्या. एमिली डिकिन्सनची 'आय हर्ड अ फ्लाय बझ' आणि वॉल्ट व्हिटमनची 'व्हेन लायलॅक्स लास्ट इन द डोअरयार्ड ब्लूम्ड'. पहिली फक्त १६ ओळींची, बोलणारी बाई स्वतः मेलेली. दुसरीचे १६ भाग, १८६५ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष लिंकनचा खून झाला त्यानंतरची, आणि गंमत म्हणजे अख्ख्या कवितेत लिंकनचं नाव एकदाही नाही.

२. डिकिन्सनची आवृत्ती आधी चेक करा, ही स्टेप प्लीज सोडू नका. ही कविता १८९६ मध्ये, म्हणजे ती गेल्यावर दहा वर्षांनी छापली गेली तेव्हा संपादकांनी तिने ओळीओळीत टाकलेले डॅश काढले आणि यमकंसुद्धा दुरुस्त केली, तिने 'रूम'ला 'स्टॉर्म' असं अर्धवट यमक ठेवलं होतं तर यांनी 'रूम'च्या जागी 'फॉर्म' घालून टाकलं! १९५५ च्या थॉमस जॉन्सनच्या आवृत्तीत मूळ रूप परत आलं, तीच किंवा त्यानंतरची घ्या, नाहीतर तुम्ही संपादकांच्या स्टाइलवर लिहीत बसाल.

३. आता पेन्सिल घ्या आणि डिकिन्सनची कविता मोठ्याने वाचा. एका ओळीत आठ, पुढच्या ओळीत सहा असा ८-६-८-६ सिलेबलचा साचा म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनागीतांची चाल, ऐकणाऱ्याला वाटतं आता देव येणार. मरणाऱ्या बाईच्या खोलीत जमलेले लोकही त्याचीच वाट बघतायत, आणि येते माशी. प्रत्येक डॅशला थांबून बघा, श्वास अडकल्यासारखं होतं. पहिली तीन कडवी यमक नीट जुळत नाही, शेवटच्या कडव्यात 'मी' (me) आणि 'सी' (see) एकदम चपखल बसतात, नेमकं डोळ्यांपुढे अंधार येतो तिथेच. आणि त्यावरही पूर्णविराम नाही, डॅशच.

४. व्हिटमनचा पाचवा भाग उघडा. सात ओळी, वाक्य एकच. शहरं, गल्ल्या, जुनं रान, गवत, गहू, सफरचंदाचा मोहोर असं सगळं येत राहतं आणि कर्ता-क्रियापद थेट सातव्या ओळीत, शवपेटी हा शब्द तर सगळ्यात शेवटी. मराठीत क्रियापद शेवटीच येतं म्हणून आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण इंग्रजी वाचकाला एवढं ताटकळत ठेवणं म्हणजे मुद्दाम केलेलं काम आहे. लिंकनचं शव वॉशिंग्टनहून त्याच्या गावी, स्प्रिंगफील्डला, ट्रेनने गावोगाव थांबत नेलं होतं, वाक्यही तसंच लांबत जातं.

५. मग लिहायला घ्या, पण अर्धं पान तिला आणि अर्धं त्याला असं नको. एकेक मुद्दा धरून दोघांना त्यातून काढा: वाक्य कुठे तुटतं, यमक आहे की नाही, मरण कुठल्या वस्तूतून दिसतं. तिच्याकडे मरण एका खोलीत, एका माशीत मावतं, त्याला अख्खा देश लागतो.

६. 'व्हिटमन म्हणजे मुक्तछंद' असं सरसकट ठोकून द्यायच्या आधी त्याचीच 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' वाचा. तीही लिंकनवरच, पण यमकं अगदी शाळेतल्या कवितेसारखी. मला ती लायलॅक्सच्या पुढे फिकीच वाटते, पण एक पॅराग्राफ तिच्यावर नक्की लिहा.