रासेयोचं शिबिर गावात येण्याआधी
राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) कॉलेजच्या मुलांचं ७ दिवसांचं शिबिर गावात घ्यायचं ठरलं, की ग्रामपंचायतीने आधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना, म्हणजे शिबिर घेऊन येणाऱ्या शिक्षकांना, शिवारात फिरवून आणावं आणि तेवढ्या दिवसांत पुरं होईल असं एकच काम ठरवावं. ओढा वाहता असेल तर वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्या रचून पाणी अडवणं, नाहीतर सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे. बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आधीच जमवा. ५० मुलं आणि फावडी चार, असं झालं की पहिली सकाळ वायाच जाते. टिकाव, घमेली घरोघरून मागून आणा, दांडे घट्ट बसलेत का हलवून पाहा. मुलींच्या मुक्कामाजवळ स्वच्छतागृह आणि रात्रभर उजेड हवाच, यात तडजोड नको. श्रमदानाला गावकरीही रोज सोबत उतरू देत. मुलं गेल्यावर बंधारा त्यांनाच सांभाळायचाय.