एक जुलैनंतर टिकणारी मैत्री

आमच्या इनर व्हील क्लबच्या कपाटात नऊ देशांतल्या क्लबांचे छोटे झेंडे आहेत. प्रत्येक झेंडा एकेका ऑनलाइन मीटिंगनंतर पोस्टाने आला, तसा आमचाही तिकडे गेला. त्यातल्या सात क्लबांमधल्या एकाही बाईचं नाव आज आमच्यापैकी कुणाला आठवत नाही. उरलेल्या दोन क्लबांमधल्या बायका मात्र आमच्या घरातल्या झाल्यात. एक क्लब इंग्लंडमध्ये लँकेशायरला आहे, दुसरा उत्तर नायजेरियात. हा फरक का पडला आणि तुमच्या क्लबला ही मैत्री कशी जमवता येईल, ते सांगते.

मी तासगाव तालुक्यातली. तीस वर्षं बँकेत नोकरी केली, घरची द्राक्षबाग आहे. इनर व्हील हा मुळात रोटरी सभासदांच्या घरच्या बायकांचा क्लब होता. 2012 साली नियम सैल झाले, म्हणून रोटरीशी काही नातं नसताना मला प्रवेश मिळाला. 2021-22 मध्ये मी क्लबची आयएसओ, म्हणजे इंटरनॅशनल सर्व्हिस ऑर्गनायझर होते. परदेशी क्लबांशी संपर्क ठेवणं हे आयएसओचं काम.

काम हातात घेतल्यावर मी संस्थेचा इतिहास वाचला. मार्गारेट गोल्डिंग या नर्स म्हणून काम केलेल्या बाईंनी मँचेस्टरमध्ये ही सुरुवात केली. 1923 च्या नोव्हेंबरमध्ये पहिली बैठक झाली ती एका टर्किश बाथमधल्या खोलीत, कारण ती फुकट मिळाली होती. 10 जानेवारी 1924 ही स्थापनेची तारीख. आपण दरवर्षी इनर व्हील डे करतो तो त्याच दिवशी. संस्थेच्या तीन उद्दिष्टांत पहिलं आहे खरी मैत्री. सेवा दुसरी आणि देशादेशांतला सलोखा तिसरा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण वह्यावाटप आणि आरोग्य शिबिरं मन लावून करतो, पण पहिलं उद्दिष्ट एका झेंड्यावर भागवतो.

अडचण कुठे येते ती आधी बघा. आपलं वर्ष 1 जुलैला बदलतं. तिकडचंही त्याच दिवशी. अध्यक्ष नवी, सेक्रेटरी नवी, आयएसओ नवी. दोन क्लबांची ओळख या दोन आयएसओंच्या ईमेलवर उभी असते, आणि एकाच दिवशी दोन्हीकडची माणसं बदलतात. नव्या आयएसओला तिच्या वर्षात तिचे नवे झेंडे हवे असतात. जुनी ओळख कपाटात जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून एवढंच धरून चाला, की मैत्री पदाकडे ठेवायची नाही, बाईकडे द्यायची.

त्यासाठी पहिला ईमेलच वेगळा लिहा. 'आमच्या क्लबला आपल्या क्लबशी मैत्री करायची आहे' असं लिहिलं की उत्तरात अध्यक्षांचा फोटो आणि प्रकल्पांची यादी येते. मी लिहिलं होतं, 'आमच्या अकरा जणींना मैत्रिणी हव्या आहेत. प्रत्येकीबद्दल चार ओळी खाली दिल्या आहेत. तुमच्याकडे ज्यांना वेळ आणि इच्छा आहे त्यांच्याबद्दल अशाच चार ओळी पाठवाल का?' चार ओळींत पद लिहायचं नाही. घरात कोण आहे, दिवस कसा जातो, हाताला कशाची सवय आहे, काय शिकायचं राहून गेलं, एवढंच. आमच्या एका काकूंनी लिहून दिलं, 'वय 72. गोधड्या शिवते. समुद्र एकदाच पाहिला.' लँकेशायरहून पहिलं उत्तर त्यांनाच आलं. तिकडची बाई रजया शिवणारी, समुद्राकाठी राहणारी.

आमच्या अकरांना तिकडून आठच जणी मिळाल्या. तेव्हा ओढूनताणून जोड्या लावू नका. उरलेल्या तिघींना मी नायजेरियाच्या क्लबशी जोडलं आणि त्यातली तिसरी मी स्वतः होते. अध्यक्षाला अध्यक्ष, डॉक्टरला डॉक्टर अशा जोड्या मी सुरुवातीला लावल्या होत्या, त्या टिकल्या नाहीत. गोधडीवाल्या, गुडघेदुखीवाल्या आणि नातवंडं सांभाळणाऱ्या टिकल्या.

पहिलं बोलणं दोघी-दोघींचंच ठेवा, वीस मिनिटांचं. सगळा क्लब एकत्र आला की प्रार्थना, स्वागत, परिचय, आभार यातच तास जातो. एकत्र मीटिंग अवश्य करा, पण दोन महिन्यांनी, प्रत्येकीला पडद्यावर निदान एक चेहरा ओळखीचा झाल्यावर.

वेळेचं गणित पक्कं हवं. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. म्हणजे उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे आणि हिवाळ्यात साडेपाच. त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. मला हे माहीत नव्हतं. नोव्हेंबरच्या पहिल्या मीटिंगला माझ्या घरी सातजणी साडेसातला लॅपटॉपसमोर बसल्या. आठ वाजले तरी कुणी येईना. चौघी स्वयंपाकाचं राहिलंय म्हणून उठून गेल्या, आणि साडेआठला तिकडच्या सगळ्या हसतमुखाने हजर झाल्या. त्या चौघींचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो. नायजेरियात घड्याळ हलत नाही, बारा महिने ते आपल्या साडेचार तास मागे असतात. मात्र तिथे दुसऱ्या गोष्टी पाळाव्या लागतात. माझी मैत्रीण मुसलमान आहे. शुक्रवारी दुपारची नमाज म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा फोन करायचा नाही. तिच्याच क्लबमधल्या ख्रिस्ती बायकांना रविवारची सकाळ चालत नाही. हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. त्यांनाही आपली चतुर्थी आणि द्राक्षाचा हंगाम सांगा.

इंग्रजीची भीती हा सगळ्यात मोठा अडसर. आमच्या अर्ध्या सभासद त्यामुळेच मागे राहायच्या. त्यावर व्हॉइस मेसेज कामाला आला. समोरासमोर बोलताना शब्द अडतो तेव्हा जीव कासावीस होतो. मेसेज पुसून पुन्हा बोलता येतो. गोधडीवाल्या काकू मराठीतच बोलतात. त्यांची सून खाली दोन ओळी इंग्रजीत लिहिते आणि आवाज तसाच पाठवते. तिकडच्या बाई म्हणतात, शब्द सुनेचे वाचते, पण ऐकते हिला. गूगलच्या भाषांतरात मराठी आहे आणि माझ्या नायजेरियातल्या मैत्रिणीची हौसा भाषाही आहे. वाक्य छोटं ठेवलं तर बरंच नीट जातं. म्हणी आणि लाडिक बोलणं घातलंत की घोटाळा होतो.

हाक कशी मारायची तेही ठरवून घ्या. सत्तरी ओलांडलेली इंग्रज बाई नुसत्या नावाने हाक मारा म्हणते; आमच्या बायकांच्या तोंडून ते निघत नव्हतं. शेवटी त्यांनी नावापुढे ताई लावलं, अर्थ सांगितला, आणि तिकडे ते आवडलं. नायजेरियात वडीलधाऱ्या बाईला 'मा' म्हणतात. माझ्या मैत्रिणीची मुलगी मला 'गुड ईव्हनिंग, मा' म्हणते तेव्हा भाषांतराची गरजच पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. नुसतं 'कशी आहेस' किती दिवस पुरणार? दोघींना मिळून करायला काहीतरी हवं, आणि ते हातांनी करायचं हवं. माझ्या मैत्रिणीने विचारलं, तुम्ही काय खाता? मी ज्वारीची भाकरी दाखवली. ती एकदम म्हणाली, हे तर आमचं गिनी कॉर्न! त्यांच्याकडे ज्वारीला दावा म्हणतात. उकळत्या पाण्यात पीठ घालून, घोटून घट्ट गोळा करतात, त्याला तुवो म्हणतात, आणि भेंडीच्या रश्श्याबरोबर खातात. मी तुवो घोटायला बसले, ती भाकरी थापायला. तिची भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटायची. पीठ जुनं होतं, विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली होती. विरी हा शब्द मी तिला कसा सांगणार? उकळीच्या पाण्यात मळून दाखवलं, तळहाताची कड पडद्याजवळ नेऊन दाखवली. चौथ्या खेपेला भाकरी फुगली तेव्हा तिच्या घरातल्या सगळ्या बायका फोनवर गोळा झाल्या. मधे तिची वीज गेली, मग आमची. तरी ती दुपार आमच्या मैत्रीची खरी सुरुवात.

लँकेशायरशी धागा जुळला तो बेदाण्याने. मार्चमध्ये आमच्या शेडवर जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली असतात. मी फोन घेऊन शेडभर फिरले, हिरवा मणी कसा पिवळा होतो ते आठवडाभर रोज एक फोटो पाठवून दाखवलं. नोव्हेंबरच्या शेवटी, नाताळच्या आधी, त्यांच्याकडे एका रविवारी बेदाणे घातलेलं पुडिंग कालवतात. घरातला प्रत्येकजण एकदा चमचा फिरवतो आणि मनात इच्छा धरतो. त्या वर्षी तिकडच्या बायकांनी आम्हा प्रत्येकीच्या नावाने एकेकदा चमचा फिरवला. तुमच्या गावात बेदाणा नसेल, पैठणी असेल, काजू असेल, मासळी असेल. जे तुमच्या हाताखालून रोज जातं तेच दाखवा. फेटे आणि लेझीम पडद्यावर छान दिसतात, पण त्यावर बोलण्यासारखं फार राहत नाही.

फोटोंबद्दल एक कळकळीची विनंती. आपल्या प्रकल्पातल्या मुलींचे चेहरे परदेशी ग्रुपवर टाकू नका. सॅनिटरी पॅडचं पाकीट हातात धरून उभी केलेली सातवीतली मुलगी आपल्या कामाचा पुरावा नाही. तिला कुणी विचारलेलं नसतं. हात दाखवा, शाळेची भिंत दाखवा.

पैशांबाबत मी कडक आहे. मैत्रिणीकडे देणगी मागायची नाही, द्यायचीही नाही. परदेशातून संस्थेसाठी पैसे घ्यायचे तर 2010 च्या विदेशी योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी झालेल्या संस्थेलाही ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. 'माझ्या खात्यावर पाठव, मी क्लबला देते' ही पळवाट नाही, त्यात सभासदच अडकते. आणि कुणाच्या नंबरवरून अचानक 'अडचणीत आहे, पैसे पाठव' असा मेसेज आला तर उत्तर देऊ नका, फोन लावा. आवाज ऐका. आम्ही जोडी-जोडीने एक घरगुती प्रश्न ठरवून ठेवलाय, त्याचं उत्तर फक्त खऱ्या मैत्रिणीलाच येतं.

गप्प बसणाऱ्या मैत्रिणीचं काय करायचं? माझा नियम असा: दोन आठवडे थांबा, मग एक साधी ओळ पाठवा, ज्यात प्रश्न नसेल. प्रश्न आला की उत्तराचं ओझं होतं. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये लँकेशायरच्या एक बाई अशाच गप्प झाल्या. त्यांच्याशी जोडलेली आमची सभासद तरुण, शाळेत शिकवणारी. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिने लिहिलं, 'आज आमच्याकडे पाऊस उघडला. तुमची आठवण आली.' दोन दिवसांनी उत्तर आलं. पती गेले होते. अंत्यविधी व्हायला अजून दहा दिवस होते. आपल्याकडे त्याच दिवशी सगळं होतं, त्यामुळे तिला हे ऐकूनच कसंतरी झालं. त्यांनी संकोचाने एक लिंक पाठवली. तिकडच्या अनेक दहनगृहांमध्ये विधी इंटरनेटवर बघायची सोय असते.

आम्ही पाचजणी तिच्या घरी जमलो. कुणी न सांगता सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. पडद्यावर एक साधी खोली, बाकांवर माणसं, एक गाणं. इंग्रजी फारसं कळलं नाही. संपल्यावर त्या बाई कॅमेऱ्याच्या दिशेने वळल्या आणि त्यांनी नुसता हात वर केला. आम्ही दिसत नव्हतो त्यांना, पण आम्ही आहोत हे त्यांना माहीत होतं. नंतर आमच्या सभासदाने हाताने लिहिलेलं पत्र पोस्टाने पाठवलं. दुःखात पत्रच पाठवा. आणि महिन्यानंतर, सगळे यायचे थांबले की, पुन्हा लिहा. तिने तेराव्याचा अर्थ लिहून कळवला होता; त्या बाईंनी तेराव्या दिवशी पतीच्या आवडीचं खाणं शेजाऱ्यांना वाढलं.

ग्रुपचं थोडक्यात. व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त तारखा आणि वेळा कळवायला ठेवा. फुलांच्या चित्रांचे सुप्रभात तिथे आले की कामाचे मेसेज बुडतात आणि परदेशी बायका हळूहळू ग्रुप सोडतात. मैत्री जोडीच्या खिडकीत चालू द्या.

पद सोडताना एक वही द्या. आमच्या वहीत प्रत्येक जोडी, वाढदिवस, सणवार, पथ्यं, कुणाला कशाबद्दल विचारायचं नाही, एवढं आहे. नव्या आयएसओने तिचे नवे झेंडे जरूर आणावेत, पण वहीतल्या जोड्यांना हात लावायचा नाही, असा ठरावच आम्ही मीटिंगमध्ये करून घेतला. तेव्हापासून चार आयएसओ बदलल्या. अकरांपैकी सात जोड्या बोलतायत.

मे 2024 मध्ये मँचेस्टरला शताब्दीचं अधिवेशन झालं. हंगाम आटोपला होता, मी गेले. स्टेशनवर लँकेशायरच्या तिघी घ्यायला आल्या होत्या. पडद्यावर कायम खांद्यापर्यंतच पाहिलेल्या बायका एवढ्या उंच असतील असं मनातच आलं नव्हतं. त्यांच्यातल्या शिवणवाल्या बाईंनी आमच्या काकूंसाठी पिशवी दिली. त्यात रजईचं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काकूंनी शिवायचं होतं. काकूंनी ते पूर्ण केलंय, आता ती रजई सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे असते.

यंदाचं कालनिर्णय आलं तेव्हा मी पहिल्यांदा ऑक्टोबरचं पान उघडलं, शेवटच्या रविवारला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'लँकेशायर, आजपासून साडेआठ.'