सोलापुरात पहिली हलकी किट स्पोर्ट्स कार घेताना

दोन आसनांची, फायबर बॉडीची, हलकी स्पोर्ट्स कार मर्यादित पैशांत घ्यावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी गाडी पाहायला निघण्यापूर्वी तिचे कागद मागवून घ्यावेत, कारण आपल्याकडे अशा गाडीत पैसे बुडतात ते बहुधा इंजिनापायी नव्हे, तर नोंदणीपायी.

किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन घरी जोडायची मोटार, मुळात इंग्लंडच्या करपद्धतीमुळे फोफावली. तेथे तयार मोटारीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून १९५७ साली आलेली लोटस सेव्हन अनेकांनी सुटी विकत घेऊन घरी जोडली. १९७३ साली मूल्यवर्धित कर आल्यावर ती सवलत संपली. घरी जोडलेली एकच मोटार तपासून रस्त्यावर आणण्याची सोय मात्र तेथे आजही आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि तो खर्च एका हौशी माणसाच्या आवाक्यातला नाही.

म्हणून बाजारात जे मिळते ते ओळखून घ्यावे. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही कारखान्यातून रीतसर बाहेर पडलेली मोटार आहे. तिला फायबरची बॉडी आणि रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन आहे. ती किट नव्हे, पण रस्त्यावर चालवायची असेल तर माझ्या मते पहिली गाडी म्हणून हीच बरी. दुसरा प्रकार म्हणजे जुनी पद्मिनी, ओम्नी किंवा जिप्सी कापून तिच्यावर बसवलेली स्पोर्ट्स बॉडी. विक्रेता 'आरसी क्लिअर आहे' असे छातीठोकपणे सांगतो, पण ती आरसी मूळ गाडीची असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता मूळ रचनेत असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे दंडाला आणि विमा नाकारला जाण्याला आपणच निमंत्रण देणे होय. तिसरा प्रकार निव्वळ खासगी आवारात किंवा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेसारख्या ट्रॅकवर चालवण्यासाठी बांधलेल्या, नोंदणी नसलेल्या गाड्यांचा. नोंदणी सार्वजनिक ठिकाणी चालवण्यासाठी लागते, त्यामुळे ज्यांच्याकडे मोकळी जागा आणि ट्रेलरची सोय आहे त्यांना हा मार्ग प्रामाणिक आणि स्वस्तही पडतो.

ट्रॅकसाठी घेत असाल, तर मारुतीचे १.३ लिटरचे इंजिन असलेली गाडी पाहावी, कारण प्रश्न सुट्या भागांचा असतो. जगभरच्या मोटारींना कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, पुरवणारा कारखाना आपल्या सोलापुरात असला, तरी रेनोच्या त्या इंजिनाचा एखादा सेन्सर येथील स्पेअर पार्टच्या दुकानात लगेच मिळेल अशी आशा धरू नये.

गाडी पाहायला गेल्यावर पहिले काम वजनाचे. हलकेपणासाठीच आपण पैसे मोजत असतो, तेव्हा ते काट्यावर मोजूनच घ्यावे. ऊस गाळपाच्या हंगामात वजनकाट्यांवर ट्रॅक्टरांच्या रांगा असतात, म्हणून सकाळी लवकर जावे आणि आधी पूर्ण गाडीचे, मग केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून वजन करावे, म्हणजे पुढे-मागे वजन कसे वाटले आहे तेही कळते. लोटस सेव्हन सुमारे ५०० किलोची होती आणि साधी मारुती ८०० सुमारे ६५० किलोची. कोणी 'सेव्हनसारखी' म्हणून विकत असलेली गाडी ८०० किलो भरली, तर बांधणाऱ्याने जाड पाइप आणि वेल्डिंगच्या जोरावर काम भागवले आहे, असे समजावे.

त्यानंतर गाडी रॅम्पवर चढवून सस्पेन्शनचे ब्रॅकेट जेथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्ड केले आहेत तेथे वायर ब्रशने घासून टॉर्चच्या उजेडात पाहावे. केसासारखी बारीक भेग दिसली, तर तेथेच व्यवहार थांबवावा. फायबरवरच्या चांदणीसारख्या तड्यांना घाबरण्याचे कारण नाही, ते बहुधा वरच्या थरापुरते असतात. बिजागरीजवळ मात्र ते खोल गेलेले असू शकतात.

वायरिंगकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे पत्र्याच्या गाडीत बॉडीतूनच मिळणारे अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट, येथे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र वायरने द्यावे लागते. होटगी रस्त्यावर एका संध्याकाळी मी पाहिलेल्या गाडीत ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटत होता, आणि विक्रेता बल्ब बदलण्याच्या गोष्टी करत होता. दोष अर्थचा होता आणि त्यासाठी अख्खे वायरिंग उकलावे लागले असते.

शक्यतो एप्रिल किंवा मे महिन्यात, दुपारी गाडी पाहावी. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वीस मिनिटे इंजिन जागेवर चालू ठेवून तापमानाचा काटा पाहिला की रेडिएटर आणि पंख्याची खरी परीक्षा होते. प्रमाणित गतिरोधक १० सेंटीमीटर उंच असतो आणि आपल्या गल्लीतला त्याहून उंच असण्याचीच शक्यता अधिक, म्हणून गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे तेही पट्टीने मोजावे. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, आणि असे टायर वरची नक्षी शाबूत असली तरी बदलायचेच, हे धरून भाव करावा.

जवळच्या रकमेतील एक तृतीयांश भाग पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवून उरलेल्यातच गाडी पाहावी. गोव्याची नोंदणी असेल, तर टोकन देण्यापूर्वी तेथील आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणि कर्ज असल्यास बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ पाहावा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले आहे ना, तेही त्याच वेळी पाहावे. एमएच-१३ क्रमांक मिळवताना महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागेल. गाडी मात्र घाटातून चालवत न आणता ट्रेलरवरच सोलापूरला आणावी, कारण तिचे ब्रेक आपण अजून खोललेले नसतात.